ब्लॉकिंग पेप्टाइड घातलं आणि नको तो बँडही गेला. आता?

जेलवाली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

पीएचडीचं तिसरं वर्ष, पुण्यात. विषय पी५३. एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं औषध देऊन हे प्रथिन किती वाढतं ते ब्लॉटवर बघते. अँटिबॉडी सशाची, पॉलिक्लोनल (म्हणजे अनेक तऱ्हेच्या अँटिबॉडींचं मिश्रण), पी५३च्या शेपटीकडच्या पेप्टाइडविरुद्ध तयार केलेली. तीन बँड येतात: ५३ला ठसठशीत, ३५च्या आसपास दुसरा, आणि ७०च्या वर एक पुसट.

गाईडनी सांगितलं, ब्लॉकिंग पेप्टाइड मागव. म्हणजे ज्या तुकड्याविरुद्ध ही अँटिबॉडी सशात बनवली तोच तुकडा, कृत्रिमरीत्या बनवलेला. तो अँटिबॉडीत आधीच मिसळून ठेवायचा, म्हणजे तिचे हात भरलेले राहतात आणि मेम्ब्रेनवर धरायला काही उरत नाही. केलं. ५३ गेला. ३५ पण गेला. ७० जागच्या जागी.

सर खूश. म्हणाले, ३५ म्हणजे डेल्टा-१३३ आयसोफॉर्म, पी५३चंच एक आखूड रूप, पेप्टाइडने सिद्ध झालं, आकृती तयार कर. मला मात्र काहीतरी खटकतंय आणि काय ते धड सांगताही येत नाहीये. औषध दिल्यावर ५३ वाढतो, ३५ ढिम्म हलत नाही. माझ्या खटकण्यात काही अर्थ आहे का?

मिरजकर

खटकतंय तेच बरोबर आहे. सविस्तर रात्री लिहितो, आता सेंट्रिफ्यूजपाशी उभा आहे. तोवर एक सांग: अँटिबॉडीच्या कागदावर 'अफिनिटी प्युरिफाइड' लिहिलंय का?

जेलवाली

हो. 'इम्युनोजेन पेप्टाइडवर शुद्ध केलेली' असं आहे. पेप्टाइडचा क्रम मात्र दिलेला नाही, कंपनीचं गुपित म्हणे.

सहज_डोकावले

मी वाणिज्य शाखेचा, धाग्याचं नाव बघून बँडबाजाचा विषय असेल म्हणून आलो :) पण आलोच आहे तर कोणीतरी सोप्या भाषेत सांगा ना. पी५३ काय, बँड काय?

उंटावरून_शेळ्या

@सहज_डोकावले, बसा. पेशीतली सगळी प्रथिनं उकळून, उलगडून एका जेलमध्ये पळवायची. लहान प्रथिनं पुढे जातात, मोठी मागे राहतात. मग ती कागदासारख्या मेम्ब्रेनवर उतरवायची आणि त्यावर अँटिबॉडी सोडायची. ती जिथे चिकटेल तिथे रेघ उमटते. ती रेघ म्हणजे बँड. वजन किलोडाल्टनमध्ये.

पी५३ हे पेशीतलं पहारेकरी प्रथिन. १९७९ साली सापडलं. डीएनएला इजा झाली की ते पेशीचं विभाजन थांबवतं, नाहीतर पेशीला मरायला लावतं. माणसाच्या साधारण निम्म्या कर्करोगांत त्याचं जनुक बिघडलेलं असतं. गंमत म्हणजे नावातला ५३ चुकीचा आहे. ३९३ अमिनो आम्लांचं हे प्रथिन, खरं वजन ४४ किलोडाल्टनच्याही किंचित खाली. पण त्यात प्रोलीनची गर्दी असलेला एक भाग आहे, त्यामुळे जेलमध्ये ते रेंगाळतं आणि ५३ला दिसतं. आणि शोधणाऱ्यांनी जेलवर दिसलं तेच नाव ठेवलं. म्हणून जेलवरच्या आकड्यावरून बँडचं बारसं करू नये असं आमच्या मॅडम पहिल्याच दिवशी सांगायच्या.

मिरजकर

आलो. चहा घेऊन बसलोय, लांबण लागेल.

जेलवाली, अफिनिटी प्युरिफाइड कशी करतात ते डोळ्यासमोर आण. पेप्टाइड आधी एका मोठ्या वाहक प्रथिनाला जोडतात, बहुतेक वेळा केएलएच, म्हणजे एका समुद्री शंखाच्या रक्तातलं प्रथिन. एवढासा तुकडा एकटा सशाच्या शरीराला जाणवतही नाही, म्हणून ही सोबत. सशाच्या रक्तात मग शंभर तऱ्हेच्या अँटिबॉडी तयार होतात. काही पेप्टाइडला धरणाऱ्या, काही शंखाच्या प्रथिनाला, काही सशाने आधी कधी काय पाहिलं असेल त्याला. ते रक्तद्रव्य, पेप्टाइड चिकटवलेल्या मण्यांच्या स्तंभातून सोडतात. पेप्टाइडला धरणाऱ्या अडकतात, बाकीच्या वाहून जातात. अडकलेल्या सोडवून कुपीत भरतात. तुझ्याकडे आलेली कुपी ती.

म्हणजे कुपीतली झाडून सगळी अँटिबॉडी त्या पेप्टाइडला धरणारीच आहे, कारण निवड त्यावरच झाली. आता तेच पेप्टाइड भरपूर घातलंस तर सगळे हात भरणारच. त्या हातांनी मेम्ब्रेनवर जे जे धरलं असतं ते ते सगळं जाणार. पी५३ जाणार, आणि पी५३शी काडीचा संबंध नसलेलं पण त्या तुकड्याशी थोडंफार जुळणारं दुसरं प्रथिन असेल तर तेही जाणार. बँड जाण्याने एवढंच कळलं की तो अँटिबॉडीच्या धरायच्या टोकानेच धरला होता. कोणाला धरला, ते नाही कळलं.

उलट बाजूने मात्र ही चाचणी चोख आहे. जो बँड पेप्टाइड घालूनही गेला नाही तो सेकंडरीचा (पहिल्या अँटिबॉडीला धरून रेघ उमटवणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीचा) किंवा नुसत्या चिकटपणाचा. तुझा ७० बाद. तेवढं खुशाल लिही.

हिशोबनीस

गुणोत्तर किती घेतलंस? हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

जेलवाली

प्रोटोकॉलमध्ये होतं तसं, वजनाला पाचपट. एक मायक्रोग्रॅम अँटिबॉडीला पाच मायक्रोग्रॅम पेप्टाइड, खोलीच्या तापमानाला अर्धा तास, मग नेहमीसारखं पातळ करून मेम्ब्रेनवर. दुसऱ्या ट्यूबमध्ये तेवढीच अँटिबॉडी आणि पेप्टाइडऐवजी नुसतं बफर. एकाच जेलचे दोन तुकडे, एक्स्पोजर एकाच वेळी.

हिशोबनीस

छान, जुळी ट्यूब ठेवलीस. लोक तीच विसरतात आणि कालच्या ब्लॉटशी तुलना करतात.

आता वजनाचं रेणूंत करू. अँटिबॉडी दीड लाख डाल्टन, म्हणजे एक मायक्रोग्रॅममध्ये ६.७ पिकोमोल. प्रत्येकीला दोन हात, म्हणून १३.३. पेप्टाइड समजा १६ अमिनो आम्लांचं, १८०० डाल्टन. पाच मायक्रोग्रॅममध्ये २,७८० पिकोमोल. हातांच्या दोनशेपट पेप्टाइड. त्यातही कुपीतलं वजन निव्वळ पेप्टाइडचं नसतं, शुद्धीकरणातल्या आम्लाचा क्षार आणि ओलावा त्यात धरलेला असतो. ७० टक्के खरं धरलं तरी दीडशेच्या आसपास पट होतात.

एवढ्या पुरात कमकुवत पकडही झाकली जाते. मी असतो तर पायऱ्या लावल्या असत्या: पाचपट, एकपट, दशांश, शतांश. दोन्ही बँड एकाच पायरीवर जातात की एक लवकर जातो ते दिसलं असतं. आणि एक ट्यूब तीच अक्षरं, म्हणजे अमिनो आम्लं, उलटसुलट क्रमाने जोडलेल्या पेप्टाइडची. तिने काही जाता कामा नये.

मिरजकर

पायऱ्या बघायला चांगल्या, पण त्यावरून निकाल देऊ नये. मेम्ब्रेनवर कोण किती आहे त्यावरही ते हलतं.

स्लाइडबघा

मी पॅथॉलॉजीत. आमच्याकडे ब्लॉट नाही, ऊतीच्या कापांवर रंग. तिथे तर वजनही दिसत नाही, सगळं एकच तपकिरी. त्यामुळे जुन्या शोधनिबंधांत 'पेप्टाइड घातल्यावर रंग गेला, म्हणून अँटिबॉडी विश्वासार्ह' हे वाक्य आलं की मी चष्मा पुसते.

रोजच्या निदानात पी५३साठी आम्ही बहुतेक डीओ-१ नावाची मोनोक्लोनल, म्हणजे एकाच तऱ्हेची अँटिबॉडी, वापरतो. तिची पकडायची जागा अक्षरशः सहा अमिनो आम्लांची: सेरीन, अस्पार्टिक आम्ल, ल्यूसीन, ट्रिप्टोफॅन, लायसीन, ल्यूसीन. प्रथिनातली २० ते २५ क्रमांकाची. एमडीएम२ हे पी५३ला संपवणारं प्रथिनही साधारण तिथेच येऊन बसतं. आणि विसाव्या सेरीनवर फॉस्फेट चढलं की डीओ-१ची पकड सुटते. इतक्या छोट्या जागेवर सगळा संसार.

म्हणून मोनोक्लोनललाही पेप्टाइड हा रामबाण नाही. पीएबी१६२० ही अँटिबॉडी पी५३ला त्याच्या नीट घडी घातलेल्या रूपातच ओळखते. तिची जागा सरळ दोरीसारखी नाहीच, त्यामुळे तिला अडवणारं साधं पेप्टाइड बनवताच येणार नाही. पीएबी२४० उलटी, घडी बिघडल्यावर उघडी पडणारी पाच अक्षरं ओळखते, २१३ ते २१७.

सहज_डोकावले

स्लाइडबघा ताई, जरा अवांतर, पण विचारतोच. मावशीच्या बायोप्सीच्या रिपोर्टात 'पी५३ म्युटंट पॅटर्न' लिहिलंय. गर्भाशयाजवळची गाठ होती. पॉझिटिव्ह म्हणजे पहारेकरी जागेवर आहे, मग चांगलंच ना? आणि हे ब्लॉकिंग पेप्टाइड औषध म्हणून देतात का?

स्लाइडबघा

नाही, औषध नाही. ते फक्त ट्यूबमध्ये अँटिबॉडी अडवतं, मावशींच्या शरीराशी त्याचा संबंध नाही. कोणी त्या नावाने काही विकायला आलं तर दारातूनच परत पाठवा.

तुमचा पहिला प्रश्न चांगला आहे, यात हुशार लोकही फसतात. निरोगी पेशीत पी५३ तयार होतं आणि मिनिटांत मोडलं जातं, म्हणून रंग तुरळक, कुठे फिका कुठे गडद. बिघडलेलं पी५३ मोडलंच जात नाही, साठत जातं, आणि जवळजवळ प्रत्येक केंद्रक गडद होतं. म्हणजे जास्त रंग हे बिघाडाचं चिन्ह. आणि जनुकच तुटलं असेल तर रंग अजिबात नाही, तेही बिघाडाचंच. 'म्युटंट पॅटर्न' म्हणजे या दोनपैकी एक टोक, क्वचित तिसरा प्रकार. अंडाशयाच्या हाय-ग्रेड सीरस कर्करोगात २०११च्या मोठ्या जनुकीय अभ्यासात ९६ टक्के गाठींत हे जनुक बिघडलेलं मिळालं होतं, म्हणून त्या भागातल्या गाठींत ही चाचणी कामाची. मावशींच्या बाबतीत त्याचा अर्थ काय हे बाकीचा रिपोर्ट हातात असलेल्या त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. इथे कोणी सांगितलं तर ऐकू नका, मी सुद्धा.

सहज_डोकावले

धन्यवाद ताई. शुक्रवारी अपॉइंटमेंट आहे, विचारतो.

नॉर्डिक_वऱ्हाडी

मूळचा अकोल्याचा, सध्या स्टॉकहोमला. धागा वाचून राहवलं नाही.

इकडची एक गोष्ट सांगतो. १९९६ साली इथल्याच संशोधकांनी इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटा (इस्ट्रोजेन या संप्रेरकाला धरणारं पेशीतलं एक प्रथिन) शोधला, उंदराच्या प्रोस्टेटमध्ये. स्तनाच्या कर्करोगाशी इस्ट्रोजेनचं नातं माहीतच होतं, त्यामुळे सगळं जग या दुसऱ्या रिसेप्टरमागे धावलं. अँटिबॉडी आल्या, स्तनाच्या गाठींत तो 'दिसला', कुठे जास्त कुठे कमी, त्यावर निबंधांवर निबंध. २०१७ साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये एक तपासणी आली. १३ अँटिबॉडी घेतल्या, रिसेप्टर असलेल्या आणि नसलेल्या पेशींवर चालवल्या. धड निघाली एक, पीपीझेड०५०६. आणि तिने बघितलं तर निरोगी स्तनात किंवा स्तनाच्या कर्करोगात बीटा सापडेचना. वृषणात, अंडाशयात, लसिका पेशींत सापडला. वीस वर्षं बावा! लोकांनी डॉक्टरेट केल्या त्यावर.

मी हे वाचलं तेव्हा माझा स्वतःचा एक अर्धवट निबंध खणात होता. दुसऱ्याच प्रथिनाचा, पण पुरावा तोच, पेप्टाइडने बँड गेला. तो अजून खणातच आहे.

२०१६ मध्ये अँटिबॉडी तपासायच्या पाच वाटा एका आंतरराष्ट्रीय गटाने नेचर मेथड्समध्ये मांडल्या. जनुक बंद करून बघा. अँटिबॉडी न वापरणाऱ्या पद्धतीशी पडताळा. वेगळी जागा धरणारी दुसरी अँटिबॉडी लावा. प्रथिनाला खूण जोडून बघा. किंवा पकडून मास स्पेक्ट्रोमेट्रीला (तुकड्यांच्या वजनावरून प्रथिन ओळखणाऱ्या यंत्राला) द्या. ब्लॉकिंग पेप्टाइड त्या पाचांत नाही.

उंटावरून_शेळ्या

थोडी पेप्टाइडची बाजू घेतो, बिचाऱ्याला फारच झोडपलं. फॉस्फो-अँटिबॉडीत त्याच्यावाचून पान हलत नाही. मी पी५३च्या १५व्या सेरीनवरच्या फॉस्फेटवर काम केलंय. तिथे दोन पेप्टाइड घ्यायची, एक फॉस्फेटवालं, एक बिनफॉस्फेटचं, बाकी अक्षर न् अक्षर सारखी. पहिल्याने बँड जायला हवा, दुसऱ्याने जाता कामा नये. दुसऱ्यानेही गेला तर तुमची अँटिबॉडी फॉस्फेट बघतच नाहीये. हे दुसऱ्या मार्गाने इतकं स्वच्छ कळत नाही. आणि मेम्ब्रेनवरच्या रिकाम्या जागा ब्लॉक करायला दूध वापरू नका, दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटने लगडलेलं असतं. बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) घ्या. माझे चार महिने दुधात गेले.

जेलवाली

बापरे, केवढं शिकले. पण सरांपुढे काय घेऊन जाऊ? 'मायाजालावरचे काका म्हणाले' असं तर सांगता येणार नाही.

मिरजकर

काका?! असो.

तर्क साधा ठेव. डेल्टा-१३३ म्हणजे १३३व्या अमिनो आम्लापासून सुरू होणारा पी५३, २६१चा. तुझी अँटिबॉडी शेपटीची, म्हणून तो तिला दिसू शकतो, इथवर सर बरोबर आहेत. डीओ-१ लावून हा वाद सुटणार नाही, कारण तिची जागा २०-२५, ती या आखूड रूपात नाहीच. डीओ-१ला ३५ दिसला नाही तर दोघंही म्हणाल 'बघा, मी म्हटलं नव्हतं?'

मग पी५३ नसलेली पेशी घे. साओस-२ किंवा एच१२९९. जवळ नसतील तर तुमच्या पुण्यातच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं भांडार आहे, तिथे चौकशी कर. शिवाय एमसीएफ-७मध्येच एसआयआरएनए (जनुकाचा संदेश बंद पाडणारा आरएनएचा छोटा तुकडा) दे, पण सर्व रूपांना समाईक असलेल्या भागाविरुद्ध. जनुकाचा सुरुवातीचा भाग कापून केलेल्या नॉकआउटवर विसंबू नकोस, मधूनच सुरू होणारं आखूड रूप तिथे शिल्लक राहू शकतं आणि सर बरोबर तिथेच बोट ठेवतील.

हिशोबनीस

आणि शेपटीचा क्रम तर उघड आहे, कंपनीने लपवून काय होतंय? पी५३ची शेवटची अक्षरं एकेरी संकेतात के-एल-एम-एफ-के-टी-ई-जी-पी-डी-एस-डी. डेटाबेसमध्ये टाक आणि माणसाच्या आणखी कोणत्या प्रथिनात पाच-सहा अक्षरं जुळतात बघ. त्यातला एम म्हणजे मेथिओनीन, हवेने ऑक्सिडाइज होतो. म्हणून पेप्टाइड पाण्यात घोळून महिनोन्‌महिने ठेवू नकोस. कोरडी पूड उणे २० अंशांना, उघडण्याआधी कुपी खोलीच्या तापमानाला येऊ दे आणि एकदा फिरवून घे, पूड झाकणाला चिकटलेली असते. विरघळवलेलं छोट्या वाट्यांत गोठव.

जेलवाली

(तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय.)

साओस-२ मिळाल्या. एमसीएफ-७ शेजारी लावल्या, अॅक्टिन (सगळ्या पेशींत असणारं, तुलनेसाठी बघायचं प्रथिन) दोन्हीकडे सारखं. साओस-२मध्ये ५३ची जागा कोरी. ३५ तिथेही आहे, तेवढाच.

एसआयआरएनए दोनदा केलं. ५३ बराच उतरला, ३५ जसाच्या तसा. आणि साओस-२च्या ब्लॉटवर पेप्टाइड घातलं तर ३५ गेला! म्हणजे पी५३ नसलेल्या पेशीत, पी५३च्या पेप्टाइडने, पी५३ नसलेला बँड गेला. हा ब्लॉट मी सरांच्या टेबलावर ठेवला आणि गप्प उभी राहिले. ते दोन मिनिटं बघत होते. मग म्हणाले, सोमवारच्या मीटिंगला तूच दाखव.

नॉर्डिक_वऱ्हाडी

जबरी! हा ब्लॉट फ्रेम करून ठेव.

उंटावरून_शेळ्या

दंडवत. आणि सरांनाही, सगळेच असं म्हणत नाहीत.

जेलवाली

आता प्रश्न असा की ३५ आहे तरी कोण? सर म्हणतात सोडून दे. मला सोडवत नाहीये.

मिरजकर

मग पेप्टाइडलाच कामाला लाव. अँटिबॉडी मण्यांना रासायनिकरीत्या पक्की जोड, साओस-२चा लायसेट (पेशी फोडून काढलेला रस) त्यावर सोड, धू, आणि उकळण्याऐवजी भरपूर पेप्टाइड ओतून पकडलेलं हळूच सोडवून घे. उकळलंस तर अँटिबॉडीच्या ५० आणि २५च्या साखळ्या सुटून सगळा पसारा होईल. पेप्टाइडने फक्त हातातलं सुटतं. मग जेल, ३५चा तुकडा काप, मास स्पेकला दे.

स्लाइडबघा

एक शंका. मेम्ब्रेनवर प्रथिन उलगडलेलं असतं. लायसेटमध्ये ते घडी घातलेलं. ती जुळणारी अक्षरं आत दडलेली असतील तर मण्यांवर ३५ येणारच नाही.

मिरजकर

अगदी खरं. म्हणून आधी छोट्या प्रमाणात करून त्याचाच ब्लॉट बघ, ३५ येतोय का. नाही आला तर मास स्पेकचे पैसे वाचले. आला तर पेप्टाइड जास्त लागेल, एका मिलिलिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. कंपनीच्या कुपीत शंभरेक मायक्रोग्रॅमच असतं, त्यात भागणार नाही. शेपटीची १६ अक्षरं वेगळी बनवून घे.

जेलवाली

सरांना आत्ताच विचारलं. म्हणाले, पाच मिलिग्रॅमचं कोटेशन माग, मग बघू. मागवलंय.